शिशिराची अनुवृत्ती : मराठी ऋतुवर्णनातील एक प्रश्न

मराठी बोलीत ऋतू तीन आहेत आणि मराठी काव्यात सहा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा ही बोलीतील नावे. त्यांपैकी 'हिवाळा' हा शब्द 'हिमकाल' या शब्दाचे मराठी रूप होय. हिमाचे हीव झाले, हिमकालाचा हिवाळा झाला. ज्या प्रदेशात हिम पडत नाही त्या प्रदेशाने आपल्या थंडीच्या महिन्यांना हिमाचेच नाव द्यावे, ही भाषेच्या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट आहे. याउलट वसंताला बोलीत स्वतःचा शब्द नाही. हिवाळा सरतो आणि उन्हाळा लागतो. मध्ये कोणी येऊन गेल्याची दखल शेतकऱ्याची भाषा घेत नाही. वसंत मराठी मनात आला तो पंचांगातून, वसंतपंचमीतून, कीर्तनातून आणि मुख्यतः काव्यातून. मराठी घरांत वसंत हे नाव ऋतूपेक्षा माणसाचे म्हणूनच अधिक वेळा उच्चारले जात असावे.

या स्थितीचा परिणाम ऋतुवर्णनाच्या समीक्षेवर व्हावयास हवा होता. तो पुरेसा झालेला नाही. शिशिर गेला आणि वसंत आला असे मराठी कवी लिहितो तेव्हा बोलीत ज्याला नाव नाही अशा घटनेविषयी तो लिहीत असतो. ती घटना त्याने पाहिली आहे की वारशाने घेतली आहे, हे ठरविण्याचे साधन कोणते? कोकिळा, आम्रमंजरी, मलयानिल ही वर्णनातील सामग्री त्यासाठी निरुपयोगी आहे, कारण ती पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या वसंतात सारखीच आढळते. खरी परीक्षा अन्यत्र आहे. वसंत आल्यावर मागे उरलेल्या थंडीचे कवी काय करतो, यात ती आहे.

ही परीक्षा हवेत करता येत नाही. एखादा प्रदेश समोर ठेवावा लागतो. रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशी, सह्याद्रीच्या पायथ्याला वसलेले पोलादपूर त्यासाठी सोयीचे आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री डोंगर उतरून पोलादपुरावरून महाडकडे व पुढे बाणकोटच्या खाडीकडे जाते. पोलादपुराहून आंबेनळी घाटाने वर चढत गेल्यास सुमारे ४० किलोमीटरवर महाबळेश्वर लागते, आणि तेथील उंची सुमारे १,३७० मीटर आहे. माघ महिन्यातील एका दिवसात हा रस्ता खालून वर पाहिला, तर ऋतूंची पुस्तकी रांग मोडलेली दिसते. खाली रायवळ आंब्यांवर मोहोर आहे, सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुले आहेत, दुपारचे ऊन चटके देते. आणि रात्री मात्र हीव अंगात शिरते, नदीकाठी पहाटे धुके असते. वर वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या निरभ्र, निवांत रात्री थंड व म्हणून जड झालेली हवा सखल जागी साचते आणि गवतावरचे दव गोठते. वृत्तपत्रे त्याला उत्साहाने बर्फ म्हणतात. ते गोठलेले दव होय. तथापि 'हिवाळा' या शब्दातील हरवलेले हिम महाराष्ट्रात कोठे भेटत असेल, तर ते अशा ठिकाणी भेटते. वर हेमंताचे चिन्ह आणि खाली वसंताचे, दोन्ही एकाच पहाटे. मग त्या पहाटे ऋतू कोणता?

हा प्रश्न प्राचीनांना पडला नव्हता असे नाही. ऐतरेय ब्राह्मणात हेमंत आणि शिशिर एकत्र धरून वर्षाचे पाच ऋतू मानले आहेत. सुश्रुतसंहितेत दोन गणना शेजारीशेजारी आहेत. एकीत माघ-फाल्गुन हा शिशिर. दुसरीत पौष-माघ हेमंत आणि लगेच फाल्गुन-चैत्र वसंत, शिशिराला जागाच नाही, त्याऐवजी पावसाळ्याच्या आरंभी प्रावृट् हा निराळा ऋतू. पश्चिम महाराष्ट्राच्या हवेला यांतील दुसरी गणना अधिक जवळची आहे, पण मराठी काव्याने पहिली उचलली. वाग्भटाने सरत्या ऋतूचा शेवटचा आणि येत्या ऋतूचा पहिला आठवडा मिळून ऋतुसंधी मानला व त्या काळात आधीचा आहारविहार क्रमाक्रमाने सोडून नवा क्रमाक्रमाने धरावा असे सांगितले. त्याहून सूचक आहे ते त्याचे वसंतचर्येतील निरीक्षण : शिशिरात शरीरात साठलेला कफ वसंतातील सूर्याच्या तापाने पातळ होतो आणि विकार उत्पन्न करतो. थंडी गेली तरी तिची ठेव आत असते, आणि ती उपद्रव देते ती ऊब आल्यावरच. वैद्यकाने जे इतक्या सूक्ष्मतेने टिपले ते काव्याने टिपले काय?

साहित्यशास्त्रात या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट विचार राजशेखराने केला आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस व दहाव्याच्या आरंभी कनौजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयाला असलेला हा पंडित यायावर कुळातील. त्याच्या पूर्वजांपैकी अकालजलद याला 'महाराष्ट्रचूडामणी' म्हटले गेले. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेचा पहिला ग्रंथ म्हणून १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'काव्यमीमांसे'चा अठरावा अध्याय कालविभागाचा आहे. तेथे तो सांगतो की प्रत्येक ऋतूच्या चार अवस्था कवीने बांधाव्यात : संधी, शैशव, प्रौढी आणि अनुवृत्ती. यांतील अनुवृत्ती म्हणजे सरलेल्या ऋतूची फुलादी चिन्हे पुढच्या ऋतूत चालू राहणे. तिला तो 'लिंगानुवृत्ती' असे नाव देतो आणि ती काव्यावरून व लोकावरून जाणून घ्यावी असे म्हणतो. 'काव्यावरून व लोकावरून' या जोडीत लोकाला स्थान आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पण त्याच अध्यायात त्याने दुसरेही एक विधान केले आहे. निरनिराळ्या देशांत पदार्थांच्या स्वरूपात उलटापालट दिसते हे त्याला ठाऊक आहे. तथापि कवीने तसे बांधू नये, कारण आपणास प्रमाण आहे ते कवींनी बांधलेले, असा त्याचा निर्णय आहे. म्हणजे ज्या लोकाला एका दाराने आत घेतले त्याला दुसऱ्या दाराने बाहेर काढले. भारतीय ऋतुकाव्याचे पुढील सहस्र वर्षांचे बळ आणि दौर्बल्य या दोन विधानांतील अंतरात सामावले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

देशभेदाची ही उलटापालट कोकणात जितकी तीव्रतेने दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. तिचे उदाहरण आंब्याचा मोहोर हेच आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त वसंत हा योद्धा आहे, आंब्याचे कोवळे अंकुर हे त्याचे बाण आहेत. उत्तर भारतात आंबा मोहोरतो तो साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा ही कल्पना त्या भूमीला धरून आहे. कोकणात मोहोराचा मुख्य हंगाम डिसेंबर-जानेवारीकडे सरकतो, म्हणजे गणनेप्रमाणे मार्गशीर्ष, पौष व माघ. वसंताचा बाण येथे हेमंतातच सुटतो. याचे कारण थंडीच होय. पावसाळा संपल्यावर पक्व झालेल्या काडीला रात्रीच्या गारठ्याचा स्पर्श झाला म्हणजे तिच्यात पालवीऐवजी मोहोराचा डोळा धरतो. थंडी उशिरा पडली की मोहोर उशिरा येतो, आणि पडलीच नाही तर झाड पालवीवर जाते. काव्यात जो वसंताचा दूत आहे तो बागेत थंडीचे अपत्य आहे.

गोष्ट येथे संपत नाही. फळधारणा होऊन कैऱ्या वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या झाल्या असताना थंडी रेंगाळली किंवा नव्याने आली, तर त्याच झाडावर, कित्येकदा फळे धरलेल्या त्याच डहाळीवर, पुन्हा मोहोर फुटतो. बागायतदार त्याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचे अन्नरस नव्या मोहोराकडे वळतात आणि आधी धरलेली लहान फळे गळून पडतात. शिवाय कडक थंडीत फुललेल्या मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते, संयुक्त फुले कमी होतात, म्हणून या दुसऱ्या मोहोरापासून पहिल्याची भरपाई होण्याचा भरवसाही नसतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुनर्मोहोर टाळण्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या फवारणीची शिफारस केलेली आहे, यावरून हा प्रश्न किती नित्याचा आहे हे ध्यानात येते.

समीक्षेच्या दृष्टीने यातील विरोध विलक्षण आहे. फाल्गुनात दुसऱ्यांदा मोहोरलेले झाड परंपरेच्या वाचकाला वसंताचा अतिरेक वाटेल. दुप्पट मंजरी म्हणजे दुप्पट वसंत. बागेच्या धन्याला तेच झाड थंडी अजून गेलेली नाही याचा पुरावा वाटते, आणि झाडाखालच्या गळलेल्या कैऱ्या त्याची किंमत सांगतात. एकाच चिन्हाचा अर्थ काव्यात उत्सव आणि लोकात हानी. राजशेखराची अनुवृत्ती ही गतऋतूच्या फुलांचे मागे उरणे आहे; येथे गतऋतू स्वतः मागे उरतो आणि येणाऱ्या ऋतूची फुले नको तेव्हा फुलवितो. अनुवृत्तीचा हा प्रकार कोणत्याही ऋतुकाव्याच्या कल्पनेपेक्षा गुंतागुंतीचा आहे. मराठी कवितेतील आम्रमंजरीचे उल्लेख या माहितीच्या प्रकाशात वाचले असता त्यांतील बहुतेक कनौजच्या किंवा उज्जयिनीच्या झाडावरचे ठरतात.

थंडीच्या प्रदेशात वसंत उतरल्याचे संस्कृतातील सर्वांत प्रसिद्ध चित्र 'कुमारसंभवा'च्या तिसऱ्या सर्गात आहे. इंद्राच्या कार्यासाठी मदन आणि त्याचा सखा मधू हिमालयातील शिवाच्या तपोवनात जातात आणि तेथे अकाली वसंत प्रकटतो. अशोक स्त्रीच्या पदस्पर्शाची वाट न पाहता बुंध्यापासून फुलतो, पळसाच्या वाकड्या लाल कळ्या दिसू लागतात, सूर्य वेळेआधी उत्तरेकडे वळतो. उरलेल्या थंडीचे चित्रण करण्यास याहून योग्य स्थळ नाही. परंतु कालिदास हिम गेल्याचा उल्लेख एका पदात करतो आणि पुढे जातो; त्या जाण्याचा परिणाम त्याला किंपुरुष स्त्रियांच्या मुखावर दाखवावयाचा आहे. हा त्याचा दोष म्हणता येत नाही. हा वसंत आज्ञेने आलेला आहे, आणि आज्ञेने आलेल्या वसंतात संधीला अवसर नसतो. त्याचे अकालत्व कवीने ऋतूच्या पातळीवर न दाखविता तपस्व्यांच्या मनाच्या पातळीवर दाखविले. त्यांनी मोठ्या प्रयत्नाने चित्त आवरले. थंडीची जागा येथे संयमाने घेतली आहे. पुढच्या अनुकरणकारांनी फुले घेतली आणि हा संयम सोडून दिला.

पोलादपुराचा संबंध अशा एका संस्कृत कवीशी आहे. 'शिवभारत'कर्ते कवींद्र परमानंद हे मूळचे नेवाशाचे. त्यांची समाधी पोलादपुरास दाखविली जाते. स. म. दिवेकर यांनी मराठी भाषांतरासह १९२७ मध्ये पुणे येथे प्रसिद्ध केलेले हे काव्य इतिहासाचे साधन म्हणूनच प्रायः वाचले गेले, आणि त्याच्या काव्यत्वाची चर्चा मागे पडली. प्रस्तुत प्रश्नाच्या संदर्भात त्यातील एक स्थळ मोलाचे आहे. महाकाव्यात ऋतुवर्णन असावे अशी दंडीपासूनची अपेक्षा. नायकाचा जन्म वसंतात घालण्याचा मोह कोणाही कवीला व्हावा असा, आणि येथे तर तिथीही मोहाला पोषक होती. सहाव्या अध्यायात शिवजन्म सांगताना परमानंद शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची रात्र देतात आणि ऋतू देतात तो शिशिर.

या एका शब्दावर थोडे थांबले पाहिजे. फाल्गुन वद्य तृतीया म्हणजे होळी पेटल्यानंतरचा तिसरा दिवस. लोकसमजुतीप्रमाणे होळीबरोबर थंडी जळून गेलेली असते. 'होळी जळाली, थंडी पळाली' ही म्हण सर्वतोमुखी आहे. जन्मतिथीची प्रचलित इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, जूलियन गणनेची. आजच्या ग्रेगोरियन गणनेने ती १ मार्च येते. सायन सौर गणनेने वसंत फेब्रुवारीच्या १८-१९ तारखेच्या सुमारास लागतो, म्हणजे त्या हिशेबानेही त्या रात्री वसंत सुरू होऊन दहाएक दिवस झालेले होते. लोकाच्या गणनेने थंडी गेलेली, सूर्याच्या गणनेने वसंत आलेला, आणि कवीच्या चांद्रमासाच्या गणनेने मात्र शिशिर. परमानंदांनी शास्त्रार्थ पाळला एवढेच याचे स्पष्टीकरण देता येईल व ते बहुधा बरोबरही असेल. तथापि कविसमयाचा मोह सोडून त्यांनी शिशिर लिहिला, हे उरतेच. शिवनेरीवरील ती रात्र फुलांनी सजविण्याऐवजी त्यांनी सरत्या थंडीतच राहू दिली. त्या संयमाची दखल दरबारी काव्य म्हणून या ग्रंथाकडे पाहणाऱ्यांनी घेतलेली नाही.

आधुनिक कवितेकडे वळल्यास प्रथम एक गोष्ट मान्य करावी लागते. मराठीतील श्रेष्ठ ऋतुकविता वसंताची नाही. बालकवींनी ऋतूचे जे चित्र मराठी मनावर कायमचे कोरले ते श्रावणाचे आहे. मराठी कवी जेथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो तेथे त्याला पावसाळा दिसतो, आणि बोलीतील तीन ऋतूंशी हे सुसंगतच आहे. वसंत बहुधा अलंकारासाठी राखलेला. इंग्रजी काव्याच्या परिचयाने एक नवी अडचण उत्पन्न झाली. तेथील वसंत खरोखर बर्फातून निघतो. शेलीच्या पश्चिमवाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या गीताचा शेवट किंवा एलियटच्या १९२२ च्या दीर्घकाव्याचा आरंभ त्या अनुभवावाचून उभा राहू शकत नाही. मराठीत त्या हिमऋतूसाठी शिशिर हा शब्द वापरला गेला, आणि पानगळीच्या इंग्रजी ऋतूसाठीही शिशिरच. दोन निराळ्या ऋतूंचा भार एका शब्दावर आला. पानगळीची उदासी आणि थंडीचे मरण ही दोन्ही शिशिरात एकवटली, आणि ज्या थंडीने आंबा मोहोरतो ती त्या शब्दातून नाहीशी झाली.

या पार्श्वभूमीवर बा. सी. मर्ढेकरांच्या १९३९ मधील 'शिशिरागम' या पहिल्या संग्रहातील शिशिराच्या पुनरागमनाची कविता पुन्हा वाचण्याजोगी आहे. तिच्याकडे पाश्चात्त्य पानगळीच्या उदासीचा मराठी अवतार म्हणून पाहता येईल. पण तेवढ्याने तिचे मर्म हाती लागत नाही. पाने गळू लागताच अकारण येणारे रडू आणि पानांत निजलेल्या लहान पाखरांची चिंता हा तिचा एक भाग. दुसऱ्या भागात कवी प्रिय व्यक्तीच्या बागेकडे पाहतो : तिकडे बकुळ फुललेली असेल, भूमीत ऊब असेल आणि पाखरे उडून तिकडे जातील. म्हणजे या कवितेत शिशिर आणि वसंत एकापाठोपाठ येत नाहीत. ते एकाच वेळी दोन ठिकाणी असतात. ऋतुचक्राची कालातील रांग मर्ढेकरांनी स्थलातील अंतर केली आहे. पारंपरिक कवी म्हणाला असता, शिशिर सरेल आणि वसंत येईल. मर्ढेकरांचा कवी असे आश्वासन देत नाही. इकडची झाडे निष्पर्णच राहतात, ऊब आहे पण ती तिकडे आहे. आंबेनळी घाटाच्या माथ्यावर दव गोठलेले असताना पायथ्याशी फुले असावीत, असा हा भूगोल आहे. पाश्चात्त्य पानगळीच्या कवितेत तो क्वचितच सापडेल, कारण तेथे सगळा देश एकाच ऋतूत असतो.

कवितेचा दोष नोंदविणे आवश्यक आहे. पळस, पांगारा, सावर ही महाराष्ट्रातील झाडे पाने गाळतात ती फुलण्यासाठी. माघ-फाल्गुनात निष्पर्ण फांदी हीच बहरलेली फांदी असते. मर्ढेकरांना फुले दाखविण्यासाठी दुसऱ्या बागेत जावे लागले. त्याच झाडावर ती दिसणे शक्य होते, आणि तशी दिसली असती तर कवितेतील अंतराची व्यथा अधिक कठीण, अधिक मर्ढेकरी झाली असती. 'काही कविता' (१९४७) लिहिणाऱ्या कवीने कदाचित ते केले असते. 'शिशिरागम'चा कवी अद्याप वियोगाच्या परिचित मांडणीत होता.

गद्यात ही कोंडी दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'ने (१९५६) फोडली, आणि ती मुख्यतः रचनेच्या एका निर्णयाने. नाव ऋतूंचे असूनही पुस्तकाची विभागणी महिन्यांची आहे. सहा दालनांच्या जागी बारा दालने आली, आणि दालने लहान झाल्यामुळे एका ऋतूची चिन्हे दुसऱ्यात सांडलेली दिसू लागली. 'वसंतहृदय चैत्र' या पहिल्याच लेखात चैत्र हे वसंताचे द्वार नसून हृदय आहे. हृदय म्हटले की द्वार मागे कोठेतरी, थंडीत, उघडलेले असणार हे ओघाने आले. पालवी, फुले आणि फळे एकाच महिन्यात शेजारीशेजारी नांदताना येथे दिसतात, आणि राजशेखराने सांगितलेल्या चारही अवस्था एकाच परिसरात सापडतात. 'ऋतुचक्रा'ची प्रशंसा त्यातील रंगसंवेदनेसाठी अनेकदा होते. त्याहून मोठी गोष्ट ही की मराठीत लिंगानुवृत्ती प्रथमच काव्यावरून न जाणता लोकावरून जाणली गेली. मात्र घाट चढताना ऋतू कसा बदलतो, उंचीप्रमाणे महिना कसा पालटतो, हा विषय महिन्यांच्या चौकटीतही बसत नाही, कारण महिना वर आणि खाली एकच असतो.

तेव्हा पुढील काम संहितांच्या सूक्ष्म वाचनाचे आहे. मालगुंडचे केशवसुत, गोमंतकातील बोरीचे बा. भ. बोरकर, यांच्याप्रमाणे ज्यांनी आंबा अंगणात पाहिला अशा कवींच्या रचनांत मोहोर कोणत्या महिन्यात येतो, त्याच्यासोबत थंडी येते की कोकिळा, आणि घाटावर वाढलेल्या कवींच्या रचनांत हे प्रमाण कसे बदलते, याची तुलनात्मक नोंद अभ्यासकांना करता येण्यासारखी आहे. नोंद करताना तो मोहोर पहिला की पुन्हा आलेला, हेही शक्य तेथे लिहावे लागेल.